गावात सहा घाणे आहेत, सातवा टाकू का?

प्रश्न असा आला आहे: वय ३२, तालुक्याच्या गावी घर, नोकरी सोडून लाकडी घाण्याच्या तेलाचा धंदा करायचा विचार. हाताशी ९ लाख, त्यातले ४ लाख वडिलांचे. गावात आधीच सहा घाणे आहेत आणि त्यातले दोन बंद पडायच्या बेतात. सगळे 'शुद्ध, नैसर्गिक, आरोग्यदायी' हेच सांगतात. मग आपलं वेगळेपण कुठून आणायचं? बाजार भरला आहे असं समजून सोडून द्यावं का?

मी लातूर जिल्ह्यात २०१६ पासून घाणा चालवतो. सुरू केला तेव्हा आमच्या भागात दुसरा घाणा नव्हता. करोनाच्या दोन वर्षांत पाच उभे राहिले आणि आज माझ्यासकट तीन चालू आहेत. बंद पडलेल्यांतल्या एकाची मशिनरी मीच विकत घेतली. तेव्हा सांगतो ते दोन्ही बाजूंनी बघून सांगतो.

वेगळेपणाची काळजी तुम्ही फार करताय. घाण्याच्या तेलात वेगळेपण दाखवायला जागाच थोडी आहे. दाणा टाकायचा, तेल काढायचं, चार दिवस निवळू द्यायचं, भरायचं. सहाच्या सहा घाणेवाले हेच करतात आणि सहाच्या सहा पाट्यांवर बैलाचं चित्र असतं, जरी आत तीन हॉर्सपॉवरची मोटार फिरत असली तरी. गिऱ्हाईक पाटी वाचून एकदा येतं. पुढच्या महिन्यात ते परत आलं का, हा धंदा तेवढ्यावर चालतो. मोजायचं असेल तर घाणे मोजू नका, घरं मोजा.

किती घरं लागतात त्याचा हिशोब मांडून दाखवतो. भाव समजा म्हणून धरलेत, तुमच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आकडे घालून पुन्हा करा.

१०० किलो निवडलेले शेंगदाणे १३० रुपयांनी घेतले, १३,००० झाले. हमाली, भाडं, निवडताना गेलेला माल धरून ३०० टाका. एका घाण्यावर एका वेळी १५-१६ किलो बसतात आणि पाऊण तास ते तास लागतो, म्हणजे १०० किलोला एक पूर्ण दिवस. वीज १५-१६ युनिट, दीडशे रुपये. तेल उतरेल चांगल्या दाण्याला ४० टक्के, म्हणजे ४० किलो. शेंगदाण्याचं एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून ४४ लिटर. खाली साका बसतो तो वजा जाता हातात ४३. बाटल्या, कॅन, लेबल मिळून लिटरमागे १० रुपये धरा, ४३० झाले. पेंड ५६ किलो, ४० रुपयांनी २,२४० परत आले. सगळं वजाबाकी करून लिटर पडलं २७० रुपयांना, आणि त्यात भाडं, मजुरी, तुमचा पगार काहीच नाही. ३४० ला विकलं तर ७० रुपये हातात.

आता दुकानाचं भाडं १०,०००, एक माणूस १२,५००, बँकेचा हप्ता ८,००० आणि घरात द्यायला निदान २०,००० धरले तर महिन्याला ५०,५०० झाले. भागिले ७०. सव्वासातशे लिटर येतं. चार माणसांचं घर घाण्याचं तेल जपूनच वापरतं, महिन्याला तीन लिटर. म्हणजे २४० घरं लागली. एकदा घेऊन गेलेली नव्हेत, दर महिन्याला न चुकता येणारी २४० घरं.

तालुक्याच्या गावात पाच-सहा हजार घरं तरी असतात. त्यातली बहुतेक पिशवीतलं रिफाइंड सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल घेतात आणि घेत राहतील. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्या भावाशी तुमची-माझी बरोबरी नाही. पण लिटरला ३४० द्यायची ऐपत आणि इच्छा असलेली घरं शे-दीडशेच असतील आणि ती सहा घाण्यांत वाटलेली असतील, तर सातव्याला काही उरत नाही. हे बसल्याजागी कळणार नाही. चालू घाण्यांच्या समोरच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर बसा आणि किती लोक कॅन घेऊन बाहेर पडतात ते मोजा. महिन्याचे पहिले दहा दिवस निवडा, कारण पगारदार घरांची खरेदी तेव्हाच असते. मी तसा बसलो नव्हतो. माझं नशीब की तेव्हा स्पर्धाच नव्हती.

बंद पडायच्या बेतातल्या दोघांकडे तर आधी जा. चहा पाजा आणि विचारा काय चुकलं म्हणून. बुडणारा माणूस मोकळेपणाने बोलतो. बहुतेक ठिकाणी उत्तर सारखंच निघतं: पैसे मशीन आणि फर्निचरमध्ये गेले, माल घ्यायला उरले नाहीत.

तुमच्या ९ लाखांचंही तेच होणार, थांबवलं नाही तर. एक घाणा, मोटार, गाळणी, स्टीलच्या टाक्या, थ्री फेज वायरिंग असं मिळून साडेतीन-चार लाखांत बसतं. मग विकणारा म्हणतो दोन घाणे घ्या, सवलत देतो. मग काचेचं दार, लाकडी पट्ट्यांची भिंत, उजेडाची पाटी. सात लाख इथेच संपतात. आणि तेलबिया काही दुधासारख्या रोज ताज्या येत नाहीत. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. खरिपाच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये. चांगला, वाळलेला, एका जातीचा माल त्या त्या दीड महिन्यातच हाताला लागतो. तेव्हा पैसे नसले की वर्षभर किराणा होलसेलवाल्याकडून आठवड्याला दोन कट्टे घ्यायचे. तो देईल त्या प्रतीचे, तो सांगेल त्या भावाने. महिन्याला १,७०० किलो दाणे लागणार असतील तर तीन महिन्यांचा साठा सहा-साडेसहा लाखांचा होतो. पहिल्या वर्षी एवढा खप नसतो, निम्म्यावर भागेल. तरी माझं सांगणं एवढंच की ९ मधले ४ मालासाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात घाणा बसत असेल तरच बसवा. भिंत चुन्याने रंगवली तरी तेल तेवढंच निघतं.

जुना घाणा मिळाला तर घ्यायला हरकत नाही, पण उखळ, म्हणजे दाणा बसतो ते खालचं लाकूड, आणि लाट, म्हणजे त्यात दाबून फिरणारा दांडा, नीट बघा. उखळ बाभळीचं किंवा चिंचेचं असतं. आत बोट फिरवून झीज सगळीकडे सारखी आहे का, कुठे भेग आहे का ते पाहा. भेगेत जुनं तेल मुरतं, खवटतं आणि मग तुमचा ताजा घाणाही वास मारतो. लाट झिजलेली असेल तर दाब बसत नाही, पेंड ओली निघते. सुतार गावात आहे का हेही विचारा. लाट वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते आणि ते काम नेहमीच्या फर्निचरच्या सुताराला जमत नाही.

वरच्या हिशोबात मी ४० टक्के उतारा धरला. मला मशीन विकणाऱ्याने ४५ सांगितला होता आणि मी तो वहीत लिहून कर्जाचा कागद केला होता. पहिल्या महिन्यात ३६ आला. उतारा ४० वरून ३७ वर आला तर काय होतं बघा: तेल ४३ ऐवजी साडेएकोणचाळीस लिटर, लिटर पडतं २९० ला, आणि ७० रुपयांचे ५० होतात. तीन टक्क्यांत वीस रुपये गेले. २४० घरांची साडेतीनशेच्या आसपास झाली. भाव कमी करून गिऱ्हाईक ओढायचा विचार करणाऱ्यांनी हे गणित भिंतीवर लावावं.

उतारा तीन गोष्टींवर ठरतो: दाणा, त्यातला ओलावा आणि घाण्यावरचा माणूस. दाणा भरलेला हवा. सुरकुतलेला, कोवळ्या शेंगेचा दाणा स्वस्त मिळतो पण त्यात तेल धरलेलंच नसतं. ओलावा सहा-सात टक्क्यांच्या पुढे नको. दाणा दोन बोटांत दाबला की कट्‌ आवाज होऊन दोन फाकी झाल्या पाहिजेत, वाकला तर परत पाठवा. आणि माणूस. मधेच थोडं कोमट पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर लगदा गोळा होत नाही आणि तेल सुटत नाही. किती आणि केव्हा हे हाताला कळतं. कमी पडलं तर उतारा जातो, जास्त झालं तर पाणी तेलात राहतं आणि महिन्याभरात गिऱ्हाईक बाटली परत आणून देतं. माझ्याकडचे काका पंचाहत्तरीचे आहेत, तरुणपणी बैलाच्या घाण्यावर काम केलेले. त्यांचा हात आणि माझा हात यांत अजून दीड टक्क्याचा फरक पडतो. तुमच्या गावात असं कुणी म्हातारं माणूस असेल तर मशीन बघायला जाताना त्यांना बरोबर न्या.

हे कसब टिकलं त्यामागे वर्ध्याचाही हात आहे. गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम मगनवाडीत चालायचं, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्यात होते. कमी कष्टात जास्त तेल निघावं म्हणून तिथे घाणीवर बरेच प्रयोग झाले. म्हणजे ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणून विकतो त्यातही सुधारणा करणारी माणसं होऊन गेली आहेत. आपण मात्र पाटी सुधारतो.

माझी सगळ्यात महागडी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात दोन टन दाणे किलोला ११ रुपये कमी भावाने मिळत होते. घेतले. पोत्याच्या तोंडाशी माल बरा होता, आत दमट. गोदामात फरशीवरच थप्पी मारली, खाली फळ्याही टाकल्या नव्हत्या. पंधरा दिवसांत तळाच्या पोत्यांना बुरशी. वरच्या पोत्यांचं तेल काढलं, विकलं, आणि तीन आठवड्यांत फोन सुरू झाले: तेलाला वास येतोय. १४० लिटर परत आलं. सगळ्यांना बदलून दिलं, खराब माल टाकून दिला. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. त्याचा बराचसा भाग पेंडीत राहतो, आणि ती पेंड गाईने खाल्ली की दुधात उतरतो. म्हणून पेंडसुद्धा विकली नाही. त्या एका सौद्यात वर्षाची कमाई गेली. पण बदलून दिलेल्या घरांतलं बहुतेक एकही तुटलं नाही, उलट त्यांच्यातल्या तीन-चार बायकांनी सोसायटीत सांगून नवीन घरं जोडून दिली. तेव्हापासून पावसाळ्यात मी दाणे घेतच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळी माल भरतो आणि दिवाळीपर्यंत पुरवतो.

पेंडीवरून आठवलं. नवीन घाणेवाले पेंडीला कचरा समजतात आणि पहिला येईल त्याला देऊन टाकतात. पेंडीचा भाव ४० वरून ३० झाला तर तेल लिटरमागे १३ रुपयांनी महाग पडतं. घाण्याच्या पेंडीत मिलच्या पेंडीपेक्षा तेल जास्त राहतं, दहा-बारा टक्के तरी असतं, म्हणून दूधवाले तिला जास्त भाव देतात. पण त्यांना ती आठवड्याच्या ठरल्या वारी, ठरल्या वजनाने, ताजी हवी असते. घाणा सुरू करायच्या आधी पाच गोठेवाले पक्के करा. तेलाचं गिऱ्हाईक महिन्याने येतं, पेंडीचा पैसा दर आठवड्याला येतो. माझ्या घाण्याचं वीजबिल आणि मजुरी पहिली दोन वर्षं पेंडीनेच भरली.

आता सहा जणांमध्ये तुम्ही कुठे उभं राहायचं ते बघू. बहुतेक घाण्यांवर शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं, मोहरी, जवस, बदाम असं सगळं मिळतं. फळीवर छान दिसतं. पण लाकूड तेल पितं. बी बदललं की पहिल्या खेपेचं तेल लाकडातच मुरतं आणि मागच्या बियाचा वास पुढच्याला लागतो. खोबऱ्यानंतर करडई काढली तर करडईला खोबऱ्याचा वास. एका घाण्यावर सात तेलं म्हणजे रोज नुकसान. शिवाय जवसाच्या बाटल्या महिन्याला चार जातात, त्यांचं भांडवल मात्र अडकून राहतं. म्हणून एकाच तेलाचं नाव करा.

मी करडई धरली. सोलापूर, लातूर, धाराशिव, परभणी हा मूळचा करडईचाच पट्टा. आमच्या आज्या दुसरं तेल ओळखत नव्हत्या. मग काटेरी पीक, काढणीला मजूर मिळेनात, सोयाबीन आलं, आणि करडई बांधाला गेली. आता हार्वेस्टरने काढणी होते, फलटणच्या निंबकर संस्थेने काढलेला बिनकाट्याचा नारी-६ वाण आहे, परभणीच्या विद्यापीठाचे वाण आहेत. माझे अकरा शेतकरी ठरलेले आहेत. मार्चमध्ये मोंढ्याच्या भावापेक्षा क्विंटलला २०० रुपये जास्त देतो, त्यांची आडत, तोलाई वाचते आणि मला एका शेतातला, ओळखीचा माल मिळतो. करडईचा उतारा टरफलासकट २५ ते २८ टक्केच येतो आणि पेंडही हलक्या भावाने जाते, त्यामुळे शेंगदाण्यासारखं गणित सोपं नाही. पण त्या चवीचं गिऱ्हाईक कुठे जात नाही. पुण्याला स्थायिक झालेली लातूरकर मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात आणि परत जाताना गाडीत पंधरा-पंधरा लिटर टाकून नेतात. तुमच्या भागात काय पिकतं आणि पन्नाशीच्या वरच्या बायका कोणत्या तेलाची आठवण काढतात, ते विचारा. नाशिककडच्या डोंगरपट्ट्यात खुरासणी असेल, कोकणात खोबरं, खानदेशात शेंगदाणा. उत्तर त्यातच सापडेल.

दुसरी वाट बाकीच्यांनी सोडून दिलेली असते: मजुरीने घाणा काढून देणं. शेतकरी स्वतःची करडई किंवा शेंगदाणे घेऊन येतो, तुम्ही किलोमागे मजुरी घेऊन तेल आणि पेंड त्याच्या हवाली करता, पिठाच्या गिरणीसारखं. माल त्याचा, भांडवल शून्य, आणि भेसळीची शंका घ्यायला जागाच नाही कारण तो समोर बसून असतो. कटकटही आहे. 'मागच्या वेळी जास्त निघालं होतं' हे दर दोघांतला एक म्हणतो. म्हणून आधी आणि नंतर दोन्ही वजनं त्याच्यासमोर करून चिठ्ठीवर लिहून द्यायची, आणि १५ किलोच्या खाली माल घ्यायचा नाही. आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या. मात्र जीएसटीत एक मेख आहे. नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, पण मजुरीचं काम ही सेवा धरली जाते आणि मग २० लाखांचा आकडा लागू होतो. वरच्या हिशोबाने तुमची तेलाची उलाढालच वर्षाला २९ लाखांवर जाते, त्यात पेंडीची विक्रीही धरायची असते. सुरू करायच्या आधी सीएला अर्धा तास द्या.

बाकी कागदांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. अन्न परवान्यात उलाढालीनुसार साधी नोंदणी की राज्याचा परवाना हे ठरतं. मी सुरू केलं तेव्हा १२ लाखांपर्यंत नोंदणीवर भागायचं, आजची मर्यादा अन्न परवान्याच्या फॉस्कॉस पोर्टलवर बघून घ्या. वैधमापनशास्त्र (वजनमापं) खात्याची पॅकिंगची नोंदणी आणि काट्याची पडताळणी बहुतेक जण विसरतात. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत, जी २०२० मध्ये आली, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. ते हातात येत नाही, बँकेत बाजूला राहतं आणि कर्जखातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, पण कुठलंही अनुदान धरून भांडवलाचा हिशोब मांडू नका.

सुट्या तेलाबद्दल मात्र सांभाळा. गिऱ्हाईक घरून किटली घेऊन येतं, आपल्यालाही ते आवडतं, पण कायद्याने खाद्यतेल पॅकबंद आणि लेबल लावूनच विकायचं आहे. हा नियम उगाच नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, जलोदरासारख्या आजाराने माणसं दगावली, आणि त्याच वर्षी केंद्राने पॅकिंगचा आदेश काढला. मी स्टीलचे पाच लिटरचे कॅन अनामत ठेवून देतो, सीलबंद, लेबलसह. रिकामा कॅन परत आला की धुवून, वाळवून पुन्हा भरायचा. अनामतीमुळे गिऱ्हाईकही बांधलेलं राहतं, हे मला नंतर लक्षात आलं.

लेबलवर 'कोलेस्टेरॉल कमी करते', 'हृदयाला हितकारी' असलं काही छापू नका. खाद्यतेलाच्या लेबलवर अशा शब्दांना नियमात स्पष्ट मनाई आहे. आणि तोंडीही सांगू नका. आज तुम्ही गुडघेदुखी बरी होते म्हणून सांगितलंत, तर तीन महिन्यांनी गुडघे घेऊन तेच गिऱ्हाईक दारात येईल. मी उलट तेलाची खोड आधीच सांगतो: तळणात फेस येतो, रिफाइंडपेक्षा लवकर धूर सोडतं, तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका, फोडणीला आणि भाजीला मात्र वापरा. दिवाळीच्या फराळाला सगळं तळण याच्यावर करू नका असंही सांगतो. त्या महिन्यात विक्री थोडी कमी होते. पण 'चकल्या विरघळल्या' म्हणून भांडायला कोणी येत नाही.

लिटर आणि किलो हाही मोठा घोळ आहे. शेजारचा '१ किलो' म्हणून ३५० ला विकतो आणि तुम्ही १ लिटर ३४० ला, तर स्वस्त तोच पडतो, कारण तुमच्या लिटरमध्ये ९१० ग्रॅमच आहे. लेबलवर दोन्ही लिहा आणि गिऱ्हाईकाला काट्यावर दाखवा. एवढ्यानेच माझी काही घरं पक्की झाली.

आणि २२० रुपयांना 'लाकडी घाणा' विकणारा गावात असेलच. वरच्या हिशोबातून नुसते दाणे घ्या आणि पेंड वजा करा: १३,००० वजा २,२४०, भागिले ४३. अडीचशे रुपये. वीज, बाटली, मजुरी सगळं फुकट धरलं तरी २५० च्या खाली शेंगदाण्याचं तेल पडत नाही. तो काय मिसळतो ते तुम्ही बोलू नका, पुरावा नसताना नाव घेणं अंगाशी येतं. हा हिशोब फळ्यावर लिहून दारात लावा, रोजचा दाण्याचा भाव खडूने बदला. आमच्याकडे लोक तेल घ्यायच्या आधी फळा वाचतात. वर्षातून दोनदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून तो कागदही शेजारी चिकटवा. शेंगदाणा तेलासाठी त्यात भेसळ ओळखायच्या बेलियर चाचणीचा आकडा असतो, ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान हवा. कुणी विचारत नाही. पण मास्तर, बँकवाले, निवृत्त मंडळी तो कागद वाचतात आणि पुढे तेच तुमची जाहिरात करतात.

उधारी द्यायची नाही. हे सगळेच सांगतात, आणि सगळेच देतात. घराला द्या हवी तर, घर बुडवत नाही. खाणावळीला, हॉटेलला देऊ नका. मला एका खाणावळीने महिन्याला ६० लिटरची ऑर्डर दिली तेव्हा मी पेढे वाटले होते. चौथ्या महिन्यात त्यांनी जागा बदलली आणि ५२ हजार अजून वहीत आहेत.

वही मात्र दुकानात मशीनपेक्षा महत्त्वाची. माझ्याकडे प्रत्येक घराचं एक पान आहे: माणसं किती, कोणतं तेल, शेवटचं केव्हा नेलं, किती दिवस पुरलं. पाच लिटर नेणाऱ्या चौघांच्या घरातला कॅन पन्नास दिवसांनी रिकामा होतो. पंचेचाळिसाव्या दिवशी माझी बायको फोन करते, 'वहिनी, तेल संपत आलं असेल, शनिवारी पाठवू का?' एवढंच. व्हॉट्सॲपवर रोज शुभ सकाळ टाकणारे घाणेवाले मी बघितलेत, लोक त्यांना म्यूट करून ठेवतात. दीड महिन्यातून एक फोन कुणाला जड होत नाही. दर महिन्याअखेर आम्ही दोघं वही घेऊन बसतो आणि ज्यांचं पान दोन महिने कोरं आहे त्यांना विचारतो, तेल आवडलं नाही का. अर्ध्या वेळा कळतं की मुलगी बाळंतपणाला गेली होती, नाहीतर घर बदललं. उरलेल्या वेळी आपली चूक कळते.

तुमच्या गावातल्या सहा जणांपैकी कुणाकडे अशी वही आहे का ते बघा. नसेल तर सातव्याला जागा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर नोकरी लगेच सोडली नसती. चार महिने चालू घाण्यांपैकी ज्याचा माल चांगला त्याच्याकडून तेल विकत घेऊन, त्याच्याच लेबलने, ओळखीच्या साठ घरांत पोचवलं असतं. लिटरला पंधरा-वीस रुपये सुटतील, ते महत्त्वाचे नाहीत. साठपैकी चाळीस घरांनी तिसऱ्यांदा घेतलं तर घाण्याची ऑर्डर द्या. पंधरावर आली तर वडिलांचे ४ लाख परत करा. मध्ये बंद पडणाऱ्या दोघांपैकी एकाची मशिनरी निम्म्या किमतीत मिळायची शक्यताही धरा, घाई त्याला असेल, तुम्हाला नको.

आणि मुहूर्त दसऱ्याचा धरू नका. त्या वेळी जुने दाणे संपत आलेले असतात आणि नवीन ओले असतात. करडई घेणार असाल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात पैसे हातात हवेत. शेंगदाणा असेल तर मे अखेरीस उन्हाळी माल भरा, खाली फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर सोडून थप्पी मारा, आणि मगच घाणा जोडा.